फॉलीत पावलं पोकळ वाजतायत? ईक्यूला हात लावायच्या आधी जमीन तपासा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय, एक फोंड्याचा, एक म्हापशाचा आणि एक सावंतवाडीहून, की पावलं रेकॉर्ड केली की डब्यात वाजल्यासारखी येतात, प्लगिन बदलून झाले, माइक बदलून झाला, तरी पुढच्या फिल्मला परत तेच. तिघांच्या फाइल्स मी नीट ऐकल्या आणि तिघांचं लक्षण एकच असलं तरी कारण वेगवेगळं निघालं, एकाची जमीन, एकाची खोली आणि एकाचं चालणं. मी स्वतः या त्रासात दोन वर्षं काढलीयत म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, फॉली म्हणजे पडद्यावरचं चित्र बघत बघत त्याच्या तालात पावलं, कपड्यांची सळसळ आणि हाताळलेल्या वस्तूंचे आवाज स्टुडिओत करून घेणं. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फॉली (१८९१ ते १९६७) यांनी बोलपट नुकते सुरू झाले त्या काळात ही पद्धत रुजवली, त्यांचंच नाव कामाला पडलं. शूटवर माइक संवादाकडे रोखलेला असतो त्यामुळे पावलं कधी येतात कधी नाही, आणि फिल्म दुसऱ्या भाषेत डब करायची म्हटली की संवादाचा ट्रॅक काढून टाकावा लागतो, मग त्याच्यासोबत जी काही पावलं आली होती ती पण जातात. आपल्याकडे कोकणी फिल्म मराठीत डब होते तेव्हा हेच होतं, डबिंगवाला एम अँड ई ट्रॅक (म्युझिक अँड इफेक्ट्स, म्हणजे संवाद सोडून बाकी सगळे आवाज) मागतो आणि त्यात फॉली भरलेली नसेल तर माणसं हवेत तरंगल्यासारखी चालतात.

आता मूळ त्रास. माझी खोली म्हणजे डिचोलीकडच्या आमच्या जुन्या घरातली नारळ ठेवायची खोली, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर मंगळुरी कौलं, १० बाय १२ फूट. पावसात तळमजल्याची जमीन घाम फुटल्यासारखी ओली होते म्हणून सुतारानं सुचवलं की जमिनीपासून ४ इंच उंच लाकडी सांगाडा करू, वर १८ एमएमचा प्लाय टाकू आणि त्यावर फरशा. मला पण पटलं. पाय कोरडे राहिले, केबली कोरड्या राहिल्या, आणि त्याच दिवसापासून माझी सगळी पावलं पोकळ झाली. पण हे मला तेव्हा कळलं नाही, कारण हेडफोनवर ते फारसं जाणवतच नव्हतं. पणजीत एका छोट्या हॉलमध्ये एक शॉर्ट फिल्म दाखवली तेव्हा मोठ्या स्पीकरवर पहिल्यांदा ऐकलं, एक माणूस मंदिराच्या फरसबंद अंगणातून चालतोय आणि आवाज येतोय लाकडी खोक्यावर चालल्याचा. दिग्दर्शक काही बोलला नाही, पण मला त्या हॉलमध्ये पुढचे दहा मिनिटं दुसरं काही ऐकूच आलं नाही.

घरी येऊन मी जे केलं तेच बहुतेक सगळे करतात, स्पेक्ट्रम म्हणजे कोणता सूर किती जोरात आहे त्याचा आलेख बघितला, १४० हर्ट्झच्या आसपास फुगवटा दिसला, ईक्यूनं (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या टूलनं) तिथे ६ डीबी कापलं. पोकळपणा कमी झाला पण पावलांचं वजनही गेलं, माणूस कागदाचा झाला. मग पुढच्या फिल्मला थोडं कमी कापलं, त्याच्या पुढच्या फिल्मला मल्टिबँड कॉम्प्रेसर (सुरांचा एकेक पट्टा वेगळा दाबणारं प्लगिन), असं चाललं होतं. पावलाचं वजन पण त्याच पट्ट्यात बसतं ना, त्यामुळे तिथे कात्री लावली की दोन्ही जातात.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे दोष कुठे राहतो ते शोधा, आणि त्याला फक्त दोन वस्तू लागतात, एक फुगा आणि एक टेनिसचा चेंडू. माइक नेहमीच्या जागी ठेवा, लेव्हल ठरवा आणि मग अजिबात हलवू नका. फुगा दोऱ्यानं खोलीच्या मध्यावर अधांतरी बांधा आणि फोडा. मग चेंडू साधारण कमरेच्या उंचीवरून तुम्ही चालता त्याच जागेवर सोडा, तीन-चार वेळा. दोन्ही ऐका आणि स्पेक्ट्रम बघा. फुगा हवेत फुटलाय, त्याचा जमिनीशी संबंध नाही, त्यामुळे फुग्यात घुमणं ऐकू आलं तर खोली दोषी. फुगा स्वच्छ आणि चेंडू मात्र ढोलकीसारखा वाजतोय तर जमीन दोषी. खात्री करायची असेल तर माइक तीन-चार फूट सरकवून चेंडू परत टाका, खोलीचा फुगवटा माइकच्या जागेप्रमाणे कमी-जास्त होतो, जमिनीचा फुगवटा माइक कुठेही ठेवा तिथेच बसलेला असतो. माझ्याकडे १४० काही हलेना.

जमिनीचं कारण साधं आहे, प्लायच्या खाली हवा कोंडलेली आहे आणि वर पातळ पडदा ताणलाय, हे झालं वाद्य, तबल्याचा सूर आपण हातोडीनं ठरवतो इथे सुतारानं ठरवला इतकाच फरक. वरच्या मजल्यावर स्लॅब असेल तरी हा त्रास येतो, आणि बरेच जण फॉलीच्या खोक्यात म्हणजे पिटमध्ये काँक्रीटची लादी ठेवतात पण ते खोकं लाकडी पायांवर उभं असतं, मग ती लादी कितीही जाड असली तरी लादी वाजत नाही, खोकं वाजतं. उपाय एकच, पोकळी भरा. मी एप्रिलमध्ये प्लाय उचलून घेतला, खाली ओल येऊ नये म्हणून जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि कोरडी वाळू ठासून भरली, ४ बाय ८ फुटांच्या सांगाड्याला जवळपास नऊ गोणी लागल्या. वाळू प्लायला खालून घट्ट टेकली पाहिजे, अर्धा इंच जागा राहिली तरी परत घुमतं, म्हणून थोडी जास्तच भरा आणि प्लाय दाबून बसवा. समुद्रावरची वाळू अजिबात नको, त्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, जूनपर्यंत खाली चिखल होईल. धुतलेली वाळू घ्या, ताडपत्रीवर पसरून कडक उन्हात चार दिवस वाळवा, दिवसातून दोनदा फावड्यानं उलटी-सुलटी करा. वर मी एका कोपऱ्यात फरशी ठेवली, एका कोपऱ्यात लाकडी फळी, एक माती आणि बारीक खडीचं खोकं, आणि एका जागी सरळ चिरे बसवले. चिऱ्यावरचं पाऊल कोरडं आणि बोथट येतं, त्यात फरशीची टणटण नसते, आपल्याकडच्या गावातल्या सीनला ते इतकं चपखल बसतं की आता मी अर्ध्याहून जास्त बाहेरची पावलं त्यावरच करते.

ज्यांची खोली भाड्याची आहे आणि जमीन फोडता येत नाही त्यांनी निदान पिटच्या खाली विटा किंवा लाकडाचे ठोकळे न ठेवता ते सरळ पक्क्या जमिनीवर टेकवावं, आणि खालच्या फटीत वाळूच्या छोट्या पिशव्या दाबाव्यात. तेवढ्यानं पण बराच फरक पडतो.

वाळू भरल्यावर १४० गेलं आणि त्याच्या मागे लपलेलं ११४ दिसायला लागलं. हे खोलीचं. हिशोब सोपा आहे, आपल्या हवामानात आवाज सेकंदाला साधारण ११४० फूट जातो, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागा. १० फुटांच्या बाजूला ११४० भागिले २० म्हणजे ५७ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ११४. याला अंड्याचे ट्रे किंवा एक इंची फोम लावून काही होत नाही, ११४ हर्ट्झची लहर स्वतःच १० फूट लांब आहे, एक इंच फोम तिला दिसत पण नाही, तो फक्त वरचे आवाज खातो आणि मग घुमणं उलट जास्त उठून दिसतं. कोपऱ्यांत जाड रॉकवूल लावा, जितकं जाड तितकं चांगलं. कापसाच्या गाद्या पण चालतात पण आपल्या पावसात त्यांना बुरशी धरते, माझ्या दोन गाद्या तशाच गेल्या. पण पैसे खर्च करायच्या आधी फुकटचा उपाय करा. ११४ ची ही लहर खोलीच्या बरोब्बर मध्यावर आणि भिंतींजवळ सगळ्यात जोरात असते, आणि भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे १० फुटांत अडीच फुटांवर, जवळपास नसतेच. मी माइक आणि चालायची जागा दोन्ही मध्यावरून काढून अडीच फुटांच्या रेषेवर नेली, एक रुपया न खर्च करता निम्मं काम झालं. लोक नेमके मध्यावर उभे राहतात कारण तिथे ऐसपैस वाटतं.

माइकबद्दल थोडंच, कारण लोक सगळ्यात जास्त भांडतात ते यावर आणि पोकळपणात त्याचा वाटा सगळ्यात कमी असतो. पावलापासून सहा-आठ इंचावर माइक ठेवू नका. दिशा असलेला कोणताही माइक फार जवळ नेला की खालचे सूर फुगतात, आणि मिडशॉटमधला माणूस कानात चालल्यासारखा येतो, मग त्याला लांब ढकलायला रिव्हर्ब म्हणजे कृत्रिम घुमारा, आणि रिव्हर्बनं परत डबा. तीन-चार फुटांवरून घ्या, शॉट लांबचा असेल तर अजून मागे. सेनहायझर एमकेएच ४१६ सारखा शॉटगन माइक शूटवर उत्तम आहे पण छोट्या खोलीत बाजूनं येणारे पडसाद तो रंग बदलून देतो, तिथे साधा कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) किंवा त्याहून अरुंद ऐकणारा हायपरकार्डिऑइड बरा. आणि दोन माइक लावत असाल, एक ३ फुटांवर आणि एक ७ फुटांवर, तर दोन्ही तसेच मिसळू नका. ४ फुटांचा फरक म्हणजे साडेतीन मिलिसेकंद, आणि दोन्ही सारख्या लेव्हलला असले तर १४२ हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. सावंतवाडीच्या मित्राकडे जमीन तर होतीच पण वर हे पण होतं, त्यामुळे त्याला एकाच फाइलमध्ये पोकळ आणि पातळ दोन्ही ऐकू येत होतं आणि तो पार गोंधळून गेला होता. लांबचा ट्रॅक ४८ किलोहर्ट्झला १६८ सॅम्पल (एक सॅम्पल म्हणजे सेकंदाचा ४८ हजारावा भाग) अलीकडे सरकवा, किंवा सरळ एकच माइक वापरा.

आता आपल्या गोव्याचे म्हणून खास त्रास. जून ते सप्टेंबर पावलं वेगळीच बिघडतात. अनवाणी पाय फरशीला चिकटतात आणि उचलताना चप-चप येतं, पाय पुसून पाच मिनिटांत परत ओले, तर तळव्यांना टाल्कम पावडर किंवा तांदळाचं पीठ चोळा, अगदी पातळ. बर्फावर चालल्याचा आवाज कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून करतात, ते आपल्याकडे ओल धरतं आणि करकर द्यायची सोडून नुसतं दबतं, आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सुकं करून घ्या आणि थंड झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात. सर्वात घाबरवणारा म्हणजे माइकचा आवाज, शांत खोलीत मधेच चर्र, चट, गरम तेलात मोहरी पडल्यासारखं. लोकांना वाटतं केबल गेली. केबल बदलून पण येत असेल तर कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पातळ पडद्याच्या भागावर, ओल बसलीय. एसीच्या खोलीतून थंडगार माइक दमट हवेत काढला की हमखास होतं. टेबल लॅम्पच्या साध्या, तापणाऱ्या तारेच्या बल्बपासून फूटभर लांब, हाताला कोमट लागेल इतपत, तासभर ठेवा आणि मग वापरा. एरवी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, निळ्याचं गुलाबी झालं की ते तापवून परत निळं करा. एमकेएच मालिकेतले माइक आरएफ तत्त्वावर चालतात म्हणून ओलीला जास्त तग धरतात, पण ते महाग आहेत, डबा आणि सिलिका जेल सगळ्यांना परवडतं.

वेळेचं म्हणाल तर कौलांवर पाऊस असताना रेकॉर्डिंग विसराच, पहिल्या पावसानंतर रात्री बेडूक आणि रातकिडे काही करू देत नाहीत, पहाटे बरं म्हणावं तर पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा सायकलवरचा भोंगा. मला सापडलेली सोन्यासारखी वेळ म्हणजे दुपारी १ ते ४, अख्खं गाव जेवून झोपलेलं असतं. फ्रिज आणि पंखा बंद करा, ५० हर्ट्झची घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. नायलॉनचे कपडे, बांगड्या, जीन्स नको, मऊ सुती घाला.

एक छोटा मुद्दा, पावलं पोकळ नाहीत पण तरी खोटी वाटतात असं असेल तर सिंक म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ तपासा. सगळीकडे सारखाच उशीर असेल तर टीव्ही चित्र उशिरा दाखवतोय, त्याच्यात गेम मोड असतो तो लावा. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेटची गडबड आहे, एडिटरनं २५ ची फाइल दिलीय आणि तुमचं सेशन २४ वर आहे वगैरे. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या २ सेकंद आधीचा पॉप (एका फ्रेमपुरता बीप) मागून घ्या आणि तसाच एक शेवटी पण, दोन्ही जुळले तर निश्चिंत.

आणि हे सगळं करूनही पोकळ वाटलं तर मग तुमचं चालणं बघा. हे मला शिकवलं माझ्या सासूबाईंनी. एका फिल्ममध्ये एक म्हातारी विहिरीवरून कळशी घेऊन शेणानं सारवलेल्या अंगणातून घरात येते, अनवाणी, एकच लांब शॉट, साधारण ४० सेकंद. वाळू भरलेली होती, माइक अडीच फुटांच्या रेषेवर होता, मातीचं खोकं नीट दाबलेलं होतं, फुगा आणि चेंडू दोन्ही स्वच्छ. मी सहा टेक केले आणि सहाही पोकळ. स्पेक्ट्रमवर काही नाही, कानाला मात्र पोकळ. सासूबाई दाराशी चहा घेऊन आल्या होत्या, स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ती बाई भरलेली कळशी घेऊन येतेय ना? मग तुझे पाय असे उड्या मारत का पडतायत? भरल्या कळशीला आधी टाच येत नाही, अख्खा पाय येतो, आणि मागचा पाय सहज सुटत नाही, तो घासत येतो." त्यांनी स्वतः तीस वर्षं त्याच विहिरीवरून पाणी आणलंय.

मी जागच्या जागी चालत होते, फॉलीत तसंच चालावं लागतं, आणि जागच्या जागी चालताना माणूस नकळत पाय वर उचलतो आणि आपटतो, पुढे जायचं नसतं ना, म्हणून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकतच नाही. पावलाला एक आवाज नसतो, तीन असतात, पाय टेकतो तो, मग वजन त्याच्यावर येतं तो दबलेला, आणि मग मागचा पाय सुटतानाचा घासरा. मी पहिला तेवढा देत होते, मधला आणि शेवटचा नव्हताच, आणि ती मधली रिकामी जागा कानाला पोकळ म्हणून लागत होती. माइकला त्यातलं काही चुकीचं सापडणार नव्हतं कारण जे नव्हतं ते मोजणार कसं.

सासूबाईंनी तांब्याची कळशी काढून दिली, मी ती विहिरीवरून गळ्यापर्यंत भरून आणली, दहा-बारा किलो तरी असेल, डाव्या कमरेवर घेतली आणि खोक्यात उभी राहिले. पाय उचलताच आला नाही. वजन डावीकडे असल्यामुळे उजवं पाऊल हलकं आणि डावं जड पडायला लागलं, चित्रातल्या म्हातारीचं पण तसंच पडत होतं आणि ते मी सहा टेक बघून पण मला दिसलं नव्हतं. तळव्याखाली मातीचा कण दबल्याचा बारीक आवाज येत होता, डावा पाय सुटताना घासत होता. दुसऱ्या टेकला उंबऱ्याच्या जागी ती किंचित थांबते तिथे मी पण थांबले आणि कळशीतलं पाणी हिंदकळून थोडं माझ्या पायावर आणि थोडं मातीवर सांडलं. तो आवाज ट्रॅकवर आला, चित्रात पाणी सांडत नाही, पण कळशी कॅमेऱ्याकडे पाठ करून आहे. एडिटरनं विचारलं ठेवू का, म्हटलं ठेव.